खरेदीच्या शक्तीला समतेचे साधन बनविणारा धर्मोपदेशक : लिऑन सलिव्हन

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील चार्ल्सटन शहरात १९३० च्या सुमारास एक कृष्णवर्णीय मुलगा हातात पाच सेंटचे नाणे घेऊन औषधांच्या दुकानात शिरला. त्या काळी अशा दुकानांतून शीतपेयेही मिळत. मुलगा काउंटरसमोरच्या उंच बैठकीवर बसला आणि त्याने कोका-कोला मागितला. त्या बैठकीवर त्याला बसता येणार नाही, असे त्याला खडसावून सांगण्यात आले. नाणे चालत होते, पण नाणे देणारा चालत नव्हता. हा प्रसंग तो मुलगा आयुष्यभर विसरला नाही. पुढे चार दशकांनी तोच मुलगा जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीच्या संचालक मंडळावर बसला आणि कंपनी आपला पैसा कोणाकडे खर्च करते, हा प्रश्न त्याने त्या मंडळाला विचारला. त्याचे नाव लिऑन हॉवर्ड सलिव्हन.

मोठ्या कंपन्यांनी आपल्या खरेदीचा काही भाग अल्पसंख्याक समाजाच्या मालकीच्या उद्योगांकडून जाणीवपूर्वक घ्यावा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजली. अनेक नेते, उद्योजक, शासनकर्ते आणि खरेदी अधिकारी यांच्या प्रयत्नांतून ती आकाराला आली. मात्र ग्राहकाच्या बहिष्कारापासून कंपनीच्या संचालक मंडळापर्यंतचा या कल्पनेचा प्रवास एकाच आयुष्यात पाहावयाचा असेल, तर सलिव्हन यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

गल्लीतील बालपण

सलिव्हन यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९२२ रोजी चार्ल्सटन येथे झाला. घर एका कच्च्या गल्लीत होते. आई-वडील लवकर विभक्त झाले आणि मुलाच्या संगोपनात आजीचा वाटा मोठा राहिला. गरिबीविरुद्ध झगडण्याची आणि आपल्या माणसांना सोबत घेऊन पुढे जाण्याची शिकवण त्यांना या आजीकडूनच मिळाली.

सहा फूट पाच इंच उंचीच्या या तरुणाला खेळातील नैपुण्यामुळे वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. तेथे बास्केटबॉल आणि फुटबॉल खेळत असताना त्यांना दुखापत झाली आणि शिष्यवृत्ती बंद पडली. शिक्षण सोडावयाचे नाही या निश्चयाने त्यांनी पोलादाच्या कारखान्यात काम पत्करले. याच काळात, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांना बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९४३ मध्ये ते पदवीधर झाले.

हार्लेममधील अॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे प्रमुख अॅडम क्लेटन पॉवेल यांनी सलिव्हन यांना न्यूयॉर्कला येण्याचा आग्रह केला. पॉवेल पुढे अमेरिकी संसदेचे सदस्य झाले. ज्या दुकानांत कृष्णवर्णीयांना काम मिळत नाही त्या दुकानांतून त्यांनी खरेदी करू नये, असा आग्रह धरणारे आंदोलन पॉवेल यांनी हार्लेममध्ये चालविले होते. युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मशास्त्राचा अभ्यास करीत आणि पॉवेल यांचे साहाय्यक म्हणून काम करीत सलिव्हन यांनी हे राजकारण जवळून पाहिले. १९४७ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळविली. न्यू जर्सीतील एका चर्चमध्ये काही वर्षे सेवा केल्यानंतर १९५० मध्ये ते फिलाडेल्फियाच्या झायन बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक झाले. १९८८ पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. सुमारे सहाशे सदस्यांचे हे चर्च त्यांच्या काळात सहा हजारांच्या घरात पोहोचले.

व्यासपीठावरून दिलेला निरोप

उत्तर फिलाडेल्फियात त्या वेळी कृष्णवर्णीयांची वस्ती झपाट्याने वाढत होती. दक्षिणेकडील राज्यांतून कामाच्या शोधात आलेली कुटुंबे येथे स्थिरावली होती, परंतु चांगल्या नोकऱ्या त्यांच्या वाट्याला येत नव्हत्या. तरुणांमधील गुन्हेगारी कमी करण्यासाठी सलिव्हन यांनी प्रथम रोजगाराचे काम हाती घेतले. मुलांना नोकरीसाठी पाठवावे आणि कंपन्यांनी त्यांना दारातूनच परत धाडावे, असा अनुभव वारंवार येऊ लागला. ज्या कंपन्या नोकरी नाकारत होत्या, त्यांचाच माल या वस्तीतील घराघरांत विकत घेतला जात होता. हा विरोधाभास सलिव्हन यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया ठरला.

१९६० मध्ये फिलाडेल्फियातील सुमारे चारशे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक एकत्र आले. त्यांच्या कार्यक्रमाला निवडक खरेदी असे नाव देण्यात आले. कार्यपद्धती साधी आणि शिस्तबद्ध होती. एका वेळी एकच कंपनी निवडावयाची. धर्मोपदेशकांच्या छोट्या गटाने तिच्या अधिकाऱ्यांना भेटून कोणत्या पदांवर किती कृष्णवर्णीय आहेत याची माहिती घ्यावयाची. मग ठरावीक पदांवर ठरावीक संख्येने नेमणुका करण्याची मागणी मुदतीसह ठेवावयाची. मागणी मान्य झाली नाही, तर रविवारी सर्व चर्चमधून त्या कंपनीचा माल न घेण्याचा निरोप द्यावयाचा. कोणी एक नेता ठरविण्यात आला नव्हता. प्रत्येक वेळी बोलणी करणारे वेगळे असत. त्यामुळे दबाव आणण्यासाठी किंवा फोडण्यासाठी कंपनीला एक माणूस सापडत नसे.

पहिली निवड केक आणि पाय तयार करणाऱ्या टेस्टी बेकिंग कंपनीची झाली. गाडीवरून माल विकणारे काही विक्रेते, कार्यालयातील काही लिपिक आणि कारखान्यातील काही कामगार अशी अगदी मोजकी मागणी होती. कंपनीने प्रारंभी नकार दिला. शहरातील प्रमुख वृत्तपत्रांनी या आंदोलनाची फारशी दखल घेतली नाही, तरीही चर्चमधून गेलेला निरोप प्रत्येक वस्तीत पोहोचला आणि दुकानांतील माल पडून राहू लागला. काही आठवड्यांतच कंपनीने मागणी मान्य केली. त्यानंतर पेप्सी-कोला, गल्फ ऑइल, सन ऑइल आणि ए अँड पी ही किराणा दुकानांची साखळी यांची पाळी आली. काही कंपन्यांनी बहिष्काराची वेळच येऊ दिली नाही. या मोहिमेतून सुमारे दोन हजार नोकऱ्या खुल्या झाल्याचे सांगितले जाते.

या यशाची वार्ता मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापर्यंत गेली. त्यांनी सलिव्हन यांना निमंत्रित करून ही पद्धत समजून घेतली आणि १९६२ मध्ये अटलांटा येथे ऑपरेशन ब्रेडबास्केट हा कार्यक्रम सुरू झाला. १९६६ पासून शिकागोमध्ये जेसी जॅक्सन यांच्या नेतृत्वाखाली त्याला नवे वळण मिळाले. तेथे किराणा साखळ्यांकडे केवळ नोकऱ्यांची मागणी करण्यात आली नाही. पार्कर हाऊसचे सॉसेज आणि बाल्डविनचे आइस्क्रीम यांसारखी कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या उद्योगांची उत्पादने दुकानाच्या फळीवर ठेवावीत, साफसफाई, कचरा उचलणे आणि कीडनियंत्रण यांची कंत्राटे कृष्णवर्णीय व्यावसायिकांना द्यावीत, दुकानाची रक्कम कृष्णवर्णीयांच्या बँकांत ठेवावी, अशा अटी करारात आल्या. नोकरीच्या मागणीचे रूपांतर खरेदीच्या मागणीत झाले ते येथे.

दार उघडले, पण आत जाण्याची तयारी

फिलाडेल्फियात मात्र सलिव्हन यांना एका वेगळ्या अडचणीला तोंड द्यावे लागले. नोकऱ्या खुल्या झाल्या, परंतु त्यांसाठी आवश्यक कौशल्य असलेले उमेदवार पुरेसे मिळेनात. पिढ्यान् पिढ्या ज्यांना यंत्रासमोर उभेच राहू दिले गेले नव्हते, त्यांच्याकडून यंत्राचे ज्ञान अपेक्षिणे व्यर्थ होते. संधी आणि तयारी या दोन्ही बाजू सांभाळल्याखेरीज बदल टिकत नाही, हा निष्कर्ष त्यांनी यातून काढला.

जानेवारी १९६४ मध्ये उत्तर फिलाडेल्फियातील पोलिसांच्या एका जुन्या, पडीक इमारतीत ऑपॉर्च्युनिटीज इंडस्ट्रियलायझेशन सेंटर या प्रशिक्षण संस्थेचा प्रारंभ झाला. जेथे कोठड्या होत्या तेथे वर्ग भरू लागले. प्रत्यक्ष व्यवसाय शिकविण्यापूर्वी वाचन, अंकगणित, मुलाखतीची तयारी, वक्तशीरपणा आणि आपल्या समाजाचा इतिहास यांचे पूर्वप्रशिक्षण देण्यात येई. स्थानिक उद्योगांनी यंत्रे दिली आणि कोणत्या कामासाठी किती माणसे लागतील याची माहितीही दिली. ज्या कंपन्यांशी काल संघर्ष झाला होता, त्यांपैकी काही आज प्रशिक्षणात भागीदार झाल्या. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी या केंद्राला भेट दिली. पुढे या संस्थेच्या शाखा अमेरिकेतील अनेक शहरांत आणि आफ्रिकेतील काही देशांत निघाल्या.

दहा डॉलर, छत्तीस महिने

नोकरी मिळाली तरी मालकी दुसऱ्याचीच राहते, याची सलिव्हन यांना जाणीव होती. १९६२ मध्ये त्यांनी आपल्या चर्चमधील सदस्यांपुढे एक योजना ठेवली. प्रत्येक सहभागी सदस्याने छत्तीस महिने, दरमहा दहा डॉलर द्यावयाचे. एकूण ३६० डॉलरच्या या रकमेतील एक भाग शिक्षण आणि समाजसेवा करणाऱ्या धर्मादाय न्यासाकडे जाई, तर उरलेला भाग नफा मिळविणाऱ्या गुंतवणूक कंपनीकडे भागभांडवल म्हणून जमा होई. पन्नास सदस्य पुढे येतील अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात दोनशेहून अधिक जणांनी नावे दिली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, कारखान्यातील कामगार आणि शिक्षक हे या कंपनीचे भागधारक झाले.

या भांडवलातून प्रथम घरे उभी राहिली. त्यानंतर नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर प्रोग्रेस प्लाझा हे व्यापारी संकुल बांधण्यात आले. ऑक्टोबर १९६८ मध्ये ते सुरू झाले. कृष्णवर्णीयांनी विकसित केलेले आणि त्यांच्याच मालकीचे असे हे अमेरिकेतील पहिले मोठे खरेदी संकुल मानले जाते. जमविलेल्या भागभांडवलाच्या बळावर बँकेचे कर्ज मिळाले आणि मोठ्या साखळ्यांनी दीर्घ मुदतीचे भाडेकरार केल्यामुळे त्या कर्जाला आधार लाभला. काही वर्षांपूर्वी ज्या ए अँड पी कंपनीवर बहिष्काराची वेळ आली होती, तीच येथे भाडेकरू म्हणून आली. संकुलातील दुकानांचे व्यवस्थापन कृष्णवर्णीयांकडे असावे, असा सलिव्हन यांचा आग्रह होता.

त्याच वर्षी प्रोग्रेस एरोस्पेस एंटरप्रायझेस हा कारखाना निघाला. अंतराळ क्षेत्रासाठी लागणारे सुटे भाग येथे तयार करावयाचे होते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रारंभीचे तांत्रिक मार्गदर्शन केले आणि कामाची मागणीही नोंदविली. मोठ्या कंपनीने नव्या पुरवठादाराला केवळ मागणीपत्र देऊन न थांबता त्याला उभे राहण्यास साहाय्य करावे, या तत्त्वाचे हे आरंभीचे उदाहरण होय. या समूहातील सर्वच उपक्रम दीर्घकाळ टिकले नाहीत. ग्राहकांची संख्या अल्प, भांडवल तुटपुंजे आणि व्यवस्थापनाचा अनुभव नवा, अशा स्थितीत कारखाना चालविणे किती कठीण असते हेही त्यातून दिसून आले. प्रोग्रेस प्लाझा मात्र टिकून राहिला. आज तो सलिव्हन यांच्या नावाने ओळखला जातो.

जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर

१९७० मध्ये ग्राहक हक्कांच्या कार्यकर्त्यांनी जनरल मोटर्सच्या भागधारकांपुढे कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा प्रश्न उपस्थित केला. कंपनीच्या संचालकांमध्ये एकही कृष्णवर्णीय नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले होते. जानेवारी १९७१ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांच्या पुढाकाराने सलिव्हन यांची संचालक म्हणून निवड झाली. जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर आलेले ते पहिले कृष्णवर्णीय होत.

ही निवड शोभेपुरती असल्याची टीका अनेकांनी केली. सलिव्हन यांनी तिला कृतीतून उत्तर दिले. मे १९७१ मधील वार्षिक सर्वसाधारण सभेत कंपनीने दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावे, असा ठराव एपिस्कोपल चर्चने मांडला होता. व्यवस्थापनाचा त्याला विरोध होता. नव्या संचालकाने उघडपणे ठरावाच्या बाजूने भाषण केले. ठराव प्रचंड बहुमताने फेटाळला गेला, परंतु एखाद्या संचालकाने भर सभेत आपल्याच मंडळाविरुद्ध भूमिका घ्यावी, ही गोष्ट उद्योगविश्वाला अपरिचित होती.

देशांतर्गत आघाडीवर सलिव्हन यांनी तितक्याच चिकाटीने खरेदीचा प्रश्न लावून धरला. मोटार कंपनी हजारो पुरवठादारांकडून सुटे भाग, रंग, कापड, छपाई, वाहतूक आणि विमा अशा असंख्य वस्तू व सेवा घेते. ही कामे कृष्णवर्णीय उद्योजकांना मिळावीत, त्यांच्या बँकांत कंपनीच्या ठेवी असाव्यात आणि मोटार विक्रीची दालने त्यांनाही चालविता यावीत, असा त्यांचा आग्रह राहिला. १९७२ मध्ये कंपनीने अल्पसंख्याक समाजातील भावी विक्रेत्यांना प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू केला. दोन दशकांच्या संचालकपदाच्या काळात सलिव्हन यांनी हा विषय बैठकीच्या कार्यसूचीवरून उतरू दिला नाही.

देशातील वातावरणही या काळात बदलत होते. १९६७ मध्ये आणि किंग यांच्या हत्येनंतर १९६८ मध्ये अनेक शहरांत दंगली उसळल्या होत्या. मार्च १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या आदेशाने अल्पसंख्याक उद्योगांसाठी स्वतंत्र शासकीय कार्यालय स्थापन झाले. १९७२ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या पुढाकाराने अल्पसंख्याक उद्योगांकडून खरेदीला चालना देणारी राष्ट्रीय परिषद अस्तित्वात आली. पुढे तिला नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट कौन्सिल हे नाव मिळाले. १९७८ च्या कायद्याने शासनाची मोठी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांवर लहान आणि वंचित घटकांच्या उद्योगांना उपकंत्राटे देण्याचा आराखडा सादर करण्याचे बंधन आले.

कार्यक्रम कशामुळे फलद्रूप होतो

या दीर्घ अनुभवातून काही बाबी स्पष्ट झाल्या. कंपनीच्या प्रमुखाने घोषणा केली, तरी प्रत्यक्ष मागणीपत्रावर सही करणारा खरेदी अधिकारी जुन्या, ओळखीच्या पुरवठादारालाच प्राधान्य देतो. त्याच्या कामाचे मूल्यमापन किंमत, दर्जा आणि वेळेवर पुरवठा यांवर होत असते. नव्या पुरवठादाराला संधी देण्यात त्याला धोका दिसतो. म्हणून ज्या कंपन्यांनी या उद्दिष्टाचा समावेश खरेदी अधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात केला, तेथेच आकडे हलू लागले. निवडक खरेदीच्या मोहिमेत सलिव्हन यांनी धरलेला ठरावीक पद, ठरावीक संख्या आणि ठरावीक मुदत हा आग्रह येथेही लागू पडला.

दुसरी बाब कामाच्या आकारमानाची होती. संपूर्ण वर्षाचा पुरवठा एकाच निविदेत मागविला, तर लहान उद्योग स्पर्धेत उतरूच शकत नाही. कामाचे छोटे भाग पाडले, निविदेची माहिती आधी दिली आणि नमुना नाकारताना त्यातील दोष समजावून सांगितला, तर पुढच्या वेळी तोच उद्योग पात्र ठरू शकतो.

तिसरी बाब पैशाची. मोठी मागणी मिळाली की कच्चा माल आणि मजुरी यांसाठी आधी खर्च करावा लागतो, देयकाची रक्कम मात्र काही महिन्यांनी हाती येते. खेळते भांडवल नसलेला उद्योग अशा वेळी कामाच्या अभावी नव्हे, तर काम मिळाल्यामुळे अडचणीत येतो. देयके लवकर चुकती करणे आणि मागणीपत्राच्या आधारावर कर्ज उपलब्ध करून देणे, हे उपाय त्यामुळे आवश्यक ठरले.

चौथी बाब फसवणुकीची. अल्पसंख्याक व्यक्तीचे नाव पुढे करून प्रत्यक्ष मालकी आणि नियंत्रण दुसऱ्याच्याच हाती ठेवण्याचे प्रकार उघडकीस येऊ लागले. त्यावर उपाय म्हणून किमान ५१ टक्के मालकी आणि दैनंदिन कारभारावरील नियंत्रण यांची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची पद्धत रूढ झाली. या तपासणीविना खरेदीचे आकडे फुगतात, पण समाजाच्या हाती काही लागत नाही.

दक्षिण आफ्रिकेची कसोटी

सलिव्हन यांचे नाव जगभर पोहोचले ते दक्षिण आफ्रिकेमुळे. १ मार्च १९७७ रोजी त्यांनी त्या देशात व्यवसाय करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांसाठी सहा तत्त्वांची आचारसंहिता जाहीर केली. प्रारंभी बारा कंपन्यांनी ती स्वीकारली. भोजनगृहे, स्वच्छतागृहे आणि कामाच्या जागा यांतील वर्णविभागणी संपविणे, सर्वांना समान वागणूक, समान कामाला समान वेतन, प्रशिक्षण, व्यवस्थापनात कृष्णवर्णीयांची संख्या वाढविणे आणि कामगारांचे कारखान्याबाहेरील जीवनमान सुधारणे, असे तिचे स्वरूप होते. या आचारसंहितेच्या विस्तारात कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या वितरक, पुरवठादार आणि उत्पादक संस्थांचा अधिक उपयोग करून घेण्याचे आणि त्यांना उभे राहण्यास साहाय्य करण्याचे कलमही होते. फिलाडेल्फियात आणि डेट्रॉइटमध्ये त्यांनी जे मागितले, तेच त्यांनी जोहान्सबर्गमध्येही मागितले. कंपन्यांच्या अहवालांची बाहेरच्या सल्लागार संस्थेमार्फत तपासणी करून त्यांना श्रेणी देण्यात येऊ लागली. पुढे सव्वाशेच्या आसपास कंपन्या या तत्त्वांशी बांधल्या गेल्या.

यावर कठोर टीका झाली. वर्णभेदाची राज्यघटना तशीच ठेवून कारखान्याच्या चार भिंतींत समता आणणे म्हणजे तुरुंगातील खोल्या रंगविणे होय, असा या टीकेचा रोख होता. डेस्मंड टुटू यांच्यासह अनेकांना ही तत्त्वे अपुरी वाटत होती. कंपन्यांना दक्षिण आफ्रिकेत राहण्यासाठी या तत्त्वांमुळे आयते समर्थन मिळते, असा आक्षेपही घेतला गेला. सलिव्हन यांनी टीका फेटाळून लावली नाही. १९८४ मध्ये त्यांनी तत्त्वांची व्याप्ती वाढवून कंपन्यांनी वर्णभेदाच्या कायद्यांना उघड विरोध करावा, असे कलम घातले. १९८५ मध्ये त्यांनी दोन वर्षांची मुदत जाहीर केली. या मुदतीत वर्णभेदाचे कायदे रद्द झाले नाहीत, तर कंपन्यांनी देश सोडावा, असे त्यांनी सांगितले.

जून १९८७ मध्ये मुदत संपली. कायदे कायम होते, नेल्सन मंडेला तुरुंगात होते. सलिव्हन यांनी आपल्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वांचा पाठिंबा काढून घेतला, अमेरिकी कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावे असे आवाहन केले आणि संपूर्ण व्यापारबंदीची मागणी केली. दहा वर्षांच्या परिश्रमांनी उभारलेली व्यवस्था अपुरी पडली, हे तिच्या निर्मात्यानेच जाहीरपणे मान्य करावे, असे प्रसंग सार्वजनिक जीवनात विरळच. कारखान्यातील वेतन आणि खरेदीतील वाटा यांना मर्यादा आहेत, मतदानाच्या हक्काची जागा ते घेऊ शकत नाहीत, हा त्यांच्या या निर्णयाचा अर्थ होता. १९९० मध्ये मंडेला यांची मुक्तता झाली आणि १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या नागरिकांनी मतदान केले.

अखेरची वर्षे आणि वारसा

चर्चमधून निवृत्त झाल्यानंतर सलिव्हन अॅरिझोना राज्यात राहू लागले. १९९१ मध्ये आबिजान येथून त्यांनी आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी नेत्यांच्या शिखर परिषदांची मालिका सुरू केली. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते दिल्या जाणाऱ्या स्वातंत्र्यपदकाने त्यांचा गौरव झाला. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे महासचिव कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत त्यांनी जगभरातील कंपन्यांसाठी नवी जागतिक तत्त्वे सादर केली. २४ एप्रिल २००१ रोजी स्कॉट्सडेल येथे रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मृत्युसमयी ते ७८ वर्षांचे होते.

त्यांनी पुरस्कारलेल्या मार्गाचे पडसाद भारतातही उमटले. जानेवारी २००२ मध्ये भोपाळ येथे झालेल्या दलित विचारवंतांच्या परिषदेने अमेरिकेतील अनुभवाचा संदर्भ घेऊन शासकीय आणि खासगी खरेदीत दलित व आदिवासी उद्योजकांना वाटा देण्याची मागणी केली. २००५ मध्ये पुणे येथे मिलिंद कांबळे यांच्या पुढाकाराने दलित उद्योजकांची वाणिज्य व उद्योग संघटना स्थापन झाली. २०१२ च्या केंद्रीय आदेशानुसार केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून आणि त्यात ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावी, असे ठरले. २०१८ मध्ये एकूण प्रमाण २५ टक्के करण्यात आले आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्क्यांची तरतूद झाली. प्रत्यक्ष खरेदी मात्र अनेक वर्षे ४ टक्क्यांच्या उद्दिष्टापासून दूरच राहिली. त्यामागची कारणे फिलाडेल्फियाच्या अनुभवाशी मिळतीजुळती आहेत. निविदांचे मोठे आकारमान, पूर्वानुभवाच्या अटी आणि खेळत्या भांडवलाची चणचण या अडचणी दोन्हीकडे सारख्याच दिसतात.

अमेरिकेत या कार्यक्रमांना न्यायालयीन आव्हानेही मिळाली. १९८९ मध्ये रिचमंड शहराची ३० टक्के राखीव कंत्राटांची योजना सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. २०२३ मध्ये विद्यापीठ प्रवेशातील वंशाधारित निकष अमान्य झाल्यानंतर अनेक कंपन्यांनी आपल्या खरेदी कार्यक्रमांची नावे आणि अटी बदलल्या. जानेवारी २०२५ मध्ये शासकीय कंत्राटदारांना समान संधीचे बंधन घालणारा १९६५ चा आदेशही रद्द करण्यात आला. ज्या मार्गासाठी सलिव्हन झटले, तो आज पुन्हा वादाच्या भोवऱ्यात सापडला आहे.

अशा वेळी त्यांच्या जीवनातील एक गोष्ट विशेष लक्षात राहते. कोणत्याही एका साधनावर त्यांनी अंधविश्वास ठेवला नाही. बहिष्काराने दार उघडले, तेव्हा त्यांनी प्रशिक्षण सुरू केले. प्रशिक्षणाने नोकरी मिळाली, तेव्हा त्यांनी मालकीचा विचार केला. मालकीला ग्राहक हवा होता, म्हणून ते मोठ्या कंपनीच्या संचालक मंडळात गेले. आणि तेथील मार्गही पुरेसा नाही असे दिसले, तेव्हा त्यांनी तो सोडण्याचे धैर्य दाखविले. औषधांच्या दुकानातील त्या उंच बैठकीवरून उठविल्या गेलेल्या मुलाने पाच सेंटच्या नाण्याची शक्ती ओळखली होती. ती शक्ती एकेकट्याच्या खिशात विखुरलेली असते तोवर दुबळी राहते, एकत्र येऊन विचारपूर्वक वापरली तर व्यवस्थेला उत्तर देण्यास भाग पाडते, हेच त्यांच्या जीवनाचे सार होय.